इंजिन खोलण्याआधी ट्रक पाहा

पावसाळ्यात वाळूउपसा बंद असतो आणि धान अजून बांधीत उभे असते. रामटेक-मनसर पट्ट्यातल्या एका ट्रकच्या मालकाला उसंत मिळते ती याच दिवसांत, आणि वर्षभर पुढे ढकललेला प्रश्न मिस्त्रीच्या दारात येऊन उभा राहतो. गाडी धूर मारते, ऑइल खाते, कुरईच्या घाटात भरल्यावर ओढत नाही. इंजिन बांधायचे की गाडी मोडीत द्यायची?

पुष्कळांचा निर्णय धुरावर होतो. तो पुरावा अपुरा आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते, हे खरे. पण ते झिजलेल्या रिंगांमुळे जळते की व्हॉल्व्हच्या बाजूने उतरते, हे धूर सांगत नाही. काळ्या धुराचे मूळ नोझलमध्ये, पंपात किंवा तुंबलेल्या एअर फिल्टरमध्येही सापडते, आणि त्यासाठी इंजिन खाली उतरवायची गरज नसते. म्हणून पाना लावण्याआधी प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन गेजने मोजावे, ब्रीदरमधून बॅक कॉम्प्रेशन किती येते ते पाहावे, ऑइल काढून त्यात धातूचा चुरा आहे का ते तपासावे.

इंजिन खोलल्यावर निकाल देतात ते क्रँक आणि ब्लॉक. पिस्टन, रिंग, लायनर नवे मिळतात. क्रँकचे जर्नल मात्र साधारण 0.25 मिमीच्या टप्प्यांनी घासून त्या मापाचे बेअरिंग बसवतात, आणि हे टप्पे मोजकेच असतात. शेवटच्या मापावर आलेला क्रँक किंवा तडा गेलेला ब्लॉक निघाला, तर त्याच इंजिनावर आणखी पैसा घालू नये.

जुन्या ट्रकच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे. टाटांच्या टेल्कोने 1954 मध्ये डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बनवायला सुरुवात केली, तो करार 1969 मध्ये संपला, आणि पुढे टाटाचे 697 इंजिन देशभर पसरले : सहा सिलिंडर, 97 मिमी बोअर, 128 मिमी स्ट्रोक, 5,675 सीसी. पंप यांत्रिक, सेन्सर नाहीत. लेथवाला आणि अनुभवी मिस्त्री असला की ते तालुक्याच्या गावातही बांधता येते. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांचे तसे नाही. तिथे लॅपटॉप जोडल्याशिवाय दोषच कळत नाही.

तरीही या स्तंभाचे मत असे की प्रश्न इंजिनाचा कमी आणि बाकीच्या ट्रकचा जास्त असतो. व्यावसायिक गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस लागते. मार्च 2021 मध्ये नागपूरचेच खासदार नितीन गडकरी यांनी लोकसभेत वाहन मोडीत काढण्याचे धोरण मांडले, तेव्हापासून 15 वर्षांपुढच्या गाड्यांवर तपासणीचा आणि फीचा भार वाढत गेला आहे. नव्याने बांधलेले इंजिन धुराच्या चाचणीत पास होईल. चेसीस गंजलेली आणि ब्रेक ढिले असतील तर गाडी नापासच होणार. कर्ज काढून इंजिन बांधले आणि वर्षभरात गाडीच बाद झाली, तर हप्ते घरच्यांच्या गळ्यात पडतात.

काम कुठले, हेही पाहावे. धान राइस मिलवर पोचवणे किंवा मनसर-कांद्रीच्या मँगनीज खाणींच्या आसपासची वाहतूक करणे, अशा जवळच्या फेऱ्यांना धडधाकट चेसीसवरचे बांधलेले इंजिन पुरते. जबलपूर-हैदराबादसारख्या लांबच्या भाड्याला डिझेलचा खर्च आणि वाटेत बंद पडण्याचा धोका सगळा हिशेब उलटवतात. तिथे जुनी गाडी विकणेच बरे.

सगळ्यात वाईट खर्च अर्धवट कामाचा. झिजलेल्या लायनरमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकल्या की थोडे दिवस बरे वाटते, मग ऑइल पुन्हा जाऊ लागते. इंजिन का गेले, हे न शोधता ते बांधणेही तसेच. कच्च्या खाणरस्त्यावरची धूळ एअर फिल्टरच्या फाटक्या होजमधून आत जात असेल, तर ती नवे लायनरही खाणार. रेडिएटर तुंबलेला राहिला, तर हेड पुन्हा वाकणार.

म्हणून मालकाने मिस्त्रीकडे तीन गोष्टी मागाव्यात : काढलेले जुने पार्ट, क्रँक आणि बोअरची मापे बिलावर लिहून, आणि इंजिन कशामुळे गेले याचे कारण. हे धानाचा हंगाम सुरू होण्याआधी उरकले, तर सुरुवातीच्या फेऱ्या कमी वजनाने मारायला आणि पहिले ऑइल लवकर बदलायलाही वेळ मिळतो.