अठरा तासांची बैठक आणि फिजिओलॉजीचा अभ्यास

चौदा एप्रिल जवळ आला की आपल्या विहारांत, वसतिगृहांत आणि कॉलेजांत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. डीजेपुढं नाचण्यापेक्षा बाबासाहेबांसारखं पुस्तक घेऊन बसावं, ही त्यामागची भावना मोलाची आहे. पण ते अभिवादन आहे, अभ्यासाची रीत नव्हे. हा फरक न कळल्यामुळं एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला गेलेली आपली हुशार लेकरं मार खातात, असं माझं स्पष्ट मत आहे.

हा विषय आता आपल्या दाराशी आला आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात एकाच दिवशी दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात हिंगोलीचं एक, १०० जागांचं. १९९९ साली परभणीतून वेगळ्या झालेल्या या छोट्या जिल्ह्यातल्या पोरांना आधी नांदेड नाहीतर अंबाजोगाई गाठावं लागे. पोराची नीट निघाली की वस्तीत पेढे वाटले जातात, बॅनर लागतो. कसोटी मात्र त्यानंतर सुरू होते. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन असे तीन विषय. ही परीक्षा जास्तीत जास्त चार प्रयत्नांत काढावी लागते, नाहीतर डॉक्टरकीचा रस्ताच बंद. त्यात आपलं पोर एकदा जरी अडकलं, तरी ‘कोट्यातला’ हा शब्द कानावर येतो. दिल्लीच्या एम्समध्ये दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना कशी वागणूक मिळते, हे सुखदेव थोरात समितीनं २००७ सालीच लिहून ठेवलं आहे. तो लढा वेगळा आणि तो लढायचाच. पण पहिलं वर्ष निघालं तर पोर लढायला तिथं टिकणार.

तिन्ही विषयांत शरीरक्रिया, म्हणजे फिजिओलॉजी, फसवी. हाडांची नावं घोकून थोडीफार निभावतात. फिजिओलॉजीत नावं कमी आणि ‘का’ जास्त. एक गोष्ट बिघडली की शरीर दुसरी हलवतं, तिच्यामुळं तिसरी हलते, अशी ती साखळी असते. नीटमध्ये चार पर्यायांतून एक निवडायचा होता. इथं ती साखळी स्वतःच्या शब्दांत लिहावी लागते, आणि तोंडी परीक्षेत बोलावी लागते.

आता आईनं विचारलेला एक साधा प्रश्न घ्या. अंग तव्यासारखं तापलंय, मग थंडी का वाजते? मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, तो अंगाची उष्णता एका ठरावीक आकड्यावर राखतो, साधारण ३७ अंशांवर. जंतू शिरले की रक्तातले संदेश तिथं पोहोचतात आणि तो आकडा वर सरकतो, समजा ३९ वर. आता ३७ अंशांचं अंग मेंदूला गार वाटायला लागतं. म्हणून तो कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतो आणि स्नायू थरथरवून उष्णता तयार करतो. हीच हुडहुडी. गोळीनं आकडा खाली आला की तेच अंग मेंदूला गरम वाटतं आणि घाम फुटतो. ज्या पोराला हे आईला मराठीत समजावता आलं, त्याला तो धडा आला. ज्याला आलं नाही, त्यानं पानभर खुणा केलेल्या असल्या तरी त्याला तो आलेला नाही.

आपली बरीच पोरं जिल्हा परिषदेच्या शाळेतली. इंग्रजीतलं जाडजूड पुस्तक समोर आलं की ती दबतात आणि वाक्यंच पाठ करू लागतात. त्यापेक्षा धडा इंग्रजीत वाचावा, पुस्तक मिटून मराठीत मोठ्यानं सांगावा, आणि मग कोऱ्या कागदावर आकृती काढून इंग्रजीत लिहावा. मराठीत समजून घेण्यात कमीपणा कसला?

पुस्तक मिटण्याला पुरावाही आहे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी वाचणारे पुढं होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं. म्हणूनच सलग अठरा तासांच्या बैठकीपेक्षा अठरा दिवस रोज एक तास भारी पडतो. मधल्या रात्रींची झोपही वाया जात नाही, दिवसा शिकलेलं झोपेतच पक्कं होतं. परीक्षेआधी जागरणं करणाऱ्या पोराचं कौतुक करणं घरच्यांनी सोडून द्यावं.

प्रॅक्टिकलला एका बीपीच्या यंत्राभोवती घोळका असतो. आपलं पोर बुजून मागं उभं राहतं. मागं उभं राहू नये. धम्मवंदनेत आपण ‘एहिपस्सिको’ म्हणतो, म्हणजे ये आणि स्वतः बघ. सुटीत घरी आल्यावर आजीची नाडी मोजावी, लहान भावाला पळवून आणून त्याचीही मोजावी, आणि वाढलेले ठोके किती वेळात खाली येतात ते लिहून ठेवावं. यासाठी फक्त सेकंदकाट्याचं घड्याळ लागतं.

घरच्यांनी फोनवर ‘अभ्यास झाला का रे?’ विचारण्यात अर्थ नाही, उत्तर ‘हो’ असंच येतं. त्याऐवजी ‘आज काय शिकलास, मला सांग’ म्हणावं. आपण शिकलो नाही, आपल्याला काय कळणार, ही भीती नको. उलट न कळणाराच चांगला परीक्षक, तो मध्येच अडवतो.

येत्या जयंतीला विहारातल्या अठरा तासांपैकी एक तास असा ठेवता येईल: पहिल्या वर्षाची मुलं पुढं बसतील आणि वस्तीतल्या बाया विचारतील. हळद काढणीच्या दिवसांत उन्हात राबून आलं की लघवी कमी आणि पिवळीजर्द का होते? हगवणीत नुसत्या पाण्यापेक्षा साखर-मिठाचं पाणी का लागू पडतं? याचं उत्तर आतड्याच्या पेशींत आहे. तिथं एक दार असं आहे की ज्यातून साखर आणि मिठातलं सोडियम जोडीनंच आत जातात, आणि त्यांच्यामागून पाणी. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली ही कल्पना मांडली. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी तशाच पाण्यावर कॉलऱ्याचे असंख्य रोगी वाचवले. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ. साखरेशिवाय मीठ नीट आत का जात नाही, हे मात्र त्या मुलांकडूनच ऐका, आणि पटेपर्यंत त्यांना उठू देऊ नका.