'आपला' इतिहास कोणत्या एपीत आहे?

अमेरिकेतल्या मराठी घरांत दर हिवाळ्यात एक वाद होतो. हायस्कूलमध्ये पुढच्या वर्षी कोणते विषय घ्यायचे, याचा फॉर्म भरायचा असतो. गणिताचं आधीच ठरलेलं असतं, फिजिक्स-केमिस्ट्रीवर तासभर चर्चा होते आणि इतिहास शेवटी उरतो. मग तीन सल्ले येतात. एक, ज्यात पाच मिळवणं सोपं तो घे. दोन, वर्ल्ड हिस्टरी घे, त्यात आपला इतिहास आहे. तीन, अमेरिकेचा इतिहास साधाच घे, ताकद सायन्सला राखून ठेव. तिन्ही सल्ले प्रेमापोटी दिलेले असतात आणि तिन्ही चुकीचे आहेत.

पुण्या-नागपुरात बसून वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात : एपी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा अभ्यास शाळेतच करायचा, मे महिन्यात परीक्षा द्यायची, गुण 1 ते 5. कॉलेज बोर्ड ही संस्था 1955 पासून हे चालवते. इतिहासाचे जुने कोर्स तीन. यूएस हिस्टरी 1491 पासून सुरू होते, युरोपियन साधारण 1450 पासून, वर्ल्ड साधारण 1200 पासून.

पहिला सल्ला लगेच निकालात काढू. तिन्ही पेपर एकाच साच्याचे आहेत. सव्वातीन तास, 55 बहुपर्यायी प्रश्न, तीन छोटी उत्तरं, दोन निबंध. त्यातल्या एका निबंधात सात कागदपत्रं समोर ठेवतात आणि विचारतात, हे कोणी लिहिलं, कोणासाठी लिहिलं, त्यात त्याचा काय फायदा होता? या एका निबंधाला 25 टक्के वजन आहे. साचा एकच असेल तर सोपा कोर्स तोच, ज्यातले प्रश्न तुम्हाला स्वस्थ बसू देत नाहीत. बाकी सोपं-अवघड हे तुमच्या शाळेतल्या शिक्षकांवर अवलंबून. ते वरच्या वर्गातल्या मुलांना विचारा, काका-काकूंना नको.

दुसरा सल्ला जास्त गोड आहे, म्हणून जास्त फसवा. वर्ल्ड हिस्टरीत 'आपला इतिहास' किती आहे? मराठ्यांचा मुघलांशी संघर्ष अभ्यासक्रमात आहे खरा. पण तो आहे एका उदाहरणांच्या यादीत. प्वेब्लो लोकांचं बंड, फ्रान्समधलं फ्रोंद, कोसॅकांची बंडं, त्याच रांगेत मराठे. आणि ही उदाहरणं ऐच्छिक आहेत. शिक्षकाने प्वेब्लो शिकवलं आणि पुढे गेला, तर शिवाजी महाराजांचं नावही न घेता वर्ष संपू शकतं. यात कोणाचं कारस्थान नाही. आठशे वर्षांचं अख्खं जग एका वर्षात बसवायचं तर असंच होणार. पोटोसीच्या खाणीतली चांदी मिंग चीनमध्ये कशी पोचली, याचं कुतूहल असेल तर वर्ल्ड जरूर घ्या. उत्तम कोर्स आहे. आरशात स्वतःला बघायला म्हणून घ्याल, तर हिरमोड होईल.

आता तिसरा सल्ला. 'अमेरिकेचा इतिहास आपल्याला काय करायचाय? ते त्यांचं.' या वाक्यावर माझा खरा राग आहे.

तुमचे आईवडील या देशात कसे आले? 'हुशारीवर' हे घरातलं उत्तर अर्धंच आहे. 1917 च्या कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना दार बंद केलं होतं. अमेरिकन सैन्यात नोकरी केलेल्या भगतसिंग थिंद यांना 1923 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, तुम्ही 'गोरे' नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. 1946 मध्ये ते दार किलकिलं झालं : भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क, आणि वर्षाला साधारण 100 जणांचा कोटा. हुशार माणसं तेव्हाही होती. दार खऱ्या अर्थाने उघडलं 1965 च्या इमिग्रेशन कायद्याने. ज्या काँग्रेसने त्या वर्षी कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्काचा कायदा केला, त्याच काँग्रेसने हाही केला. ज्यांनी सेल्मामध्ये लाठ्या खाल्ल्या, त्यांनी बदललेल्या हवेत आपला व्हिसा शक्य झाला. हे 'त्यांचं' कसं?

आणि हे जुनंही नाही. 1898 मध्ये वाँग किम आर्क या सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या चिनी तरुणाने खटला जिंकला, म्हणून परदेशी आईवडिलांच्या इथे जन्मलेल्या मुलांचं नागरिकत्व पक्कं झालं. 20 जानेवारी 2025 ला त्यालाच हात घालणारा आदेश निघाला : आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर इथे जन्मलेल्या बाळाला नागरिकत्व नाही. एच-वन-बीवरच्या किती मराठी घरांत त्या रात्री झोप लागली नसेल! प्रकरण लगेच कोर्टात गेलं. तिथे वकील कशावर भांडत होते? 1868 च्या चौदाव्या घटनादुरुस्तीवर आणि वाँग किम आर्कवर. म्हणजे 'साध्याच घे' म्हणून उरकलेल्या धड्यावर.

या विषयाची ताकद इतरांना बरोबर कळते. 2014 मध्ये कोलोरॅडोच्या जेफरसन काउंटीत शाळा-मंडळाच्या एका सदस्येने यूएस हिस्टरीचा अभ्यासक्रम तपासण्याचा प्रस्ताव आणला. देशभक्ती वाढावी, कायदेभंगाला उत्तेजन मिळू नये, असा सूर होता. शेकडो मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. 2023 मध्ये फ्लोरिडा सरकारने आफ्रिकन अमेरिकन स्टडीज हा नवा एपी कोर्स नाकारला. सरकारं ज्या विषयाला एवढी घाबरतात, तो आपल्या घरात 'रिकाम्या तासाला टाकू' म्हणून निघतो.

आपल्या जुन्या माणसांना हे कळत होतं. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध लढलेल्या लोकांना अर्पण केली, तेही अमेरिका न पाहता. पंडिता रमाबाई तिथे फिरून आल्या आणि 1889 मध्ये त्या देशाच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिलं. कोलंबियात शिकलेल्या आंबेडकरांनी 1946 मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची चौकशी केली. यांच्यापैकी कोणीही 'ते त्यांचं' म्हटलं नाही. आणि आपण तिथे घर घेऊन, कर भरून, मुलं वाढवून असं म्हणतो?

अकरावीचं वर्ष जड असतं, हे मान्य. एसएटी असते, कॉलेजचं टेन्शन असतं, रात्री दोनपर्यंत होमवर्क चालतो. काहीतरी सोडावं लागणार असेल तर सोडा. पण सोडायची वेळ आली की दर वेळी इतिहासच का, हे एकदा घरात विचारा. चौथं सायन्स घेतल्याने कॉलेजचा अर्ज किती उजळेल ते कोणी छातीठोक सांगू शकत नाही. सात कागद समोर ठेवून खोटं ओळखायची सवय मात्र आयुष्यभर लागेल. फॅमिली ग्रुपवर येणाऱ्या फॉरवर्डसाठी तर उद्यापासूनच.

तुमच्या शाळेत एपी नसेल, किंवा यंदा जमणारच नसेल, तर साधा कोर्स घ्या, पण मन लावून घ्या. तो बहुतेक ठिकाणी घ्यावाच लागतो. चौदावी दुरुस्ती, 1882 चा चिनी लोकांवरचा बंदीचा कायदा, 1923 चा थिंद खटला आणि 1965 चा कायदा, एवढे चार धडे आले की शिक्षकाला थांबवा आणि प्रश्न विचारा. फॉर्मवर सही आईबाबांची लागेल. खूण कुठे करायची ते तुम्ही ठरवा.