बोटांना येते, कानाला येत नाही

गिटार शिकणाऱ्यांमध्ये दोन पंथ आहेत. पहिला म्हणतो, सगळी स्केल्स सगळ्या पट्ट्यांमध्ये घोटा, मेट्रोनोमचा वेग वाढवत न्या. उपज त्यातून आपोआप सुचेल. दुसरा म्हणतो, स्केल्सचा रियाज म्हणजे प्रतिभेचे श्राद्ध. वेस माँटगोमेरीला कुठे स्वरलिपी वाचता येत होती? प्रस्तुत लेखकाच्या मते हे दोन्ही पंथ एकाच गैरसमजाची अपत्ये आहेत. स्केल ही बोटांची गोष्ट आहे, हा तो गैरसमज.

दुसऱ्या पंथाचा निकाल आधी लावू, कारण तो सोपा आहे. माँटगोमेरीला (१९२३–१९६८) स्वरलिपी वाचता येत नव्हती हे खरे. पण चार्ली ख्रिश्चनचे सोलो त्याने ध्वनिमुद्रिकांवरून स्वर न् स्वर उचलले होते आणि ते तसेच्या तसे वाजवूनच त्याला सुरुवातीचे काम मिळाले. निरक्षर असणे आणि अशिक्षित असणे यांत फरक आहे. जँगो राइनहार्टच्या डाव्या हाताची दोन बोटे १९२८ च्या आगीत जवळजवळ निकामी झाली. उरलेल्या बोटांनी तेच वाद्य नव्याने शिकणाऱ्या माणसाला रियाजाविरुद्ध साक्षीला उभे करणे ही क्रूर थट्टा आहे. आणि सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन तर निकोलस स्लोनिम्स्कीने १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या स्केल्सच्या जाडजूड कोशातून रियाज करत असे. प्रतिभेचे त्यामुळे काही बिघडले नाही.

पहिला पंथ अधिक प्रतिष्ठित, आणि म्हणूनच अधिक घातक आहे. त्याची अडचण समजून घ्यायची तर वाद्याची रचना पाहावी लागते. पियानोवर पट्टी बदलली की काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मांडणी बदलते. बोटांना नव्याने विचार करावा लागतो. गिटारवर तसे नाही. पाचव्या पडद्यावर बसवलेली ए मायनर पेंटॅटॉनिकची आकृती उचलून आठव्या पडद्यावर ठेवली की सी मायनर पेंटॅटॉनिक तयार. आकृती तीच, बोटे तीच. ही सोय म्हणजे वरदान आहे, आणि सापळाही. कारण एकही स्वर न ऐकता बाराही पट्ट्यांमध्ये ‘बरोबर’ वाजवता येते. चुकीचा स्वर लागत नाही. मात्र बरोबर स्वर का लागला, हेही कळत नाही. अशा वादकाचा सोलो ऐकताना बोटे सवयीच्या जिन्यावरून वरखाली करताहेत, एवढेच जाणवते.

वास्तविक स्केल म्हणजे स्वरांची यादी. यादीत नाती नसतात, आणि संगीत नात्यांत असते. वर सांगितलेले ए, सी, डी, ई, जी हे पाच स्वर घ्या. सी हा षड्ज मानला तर हाती भूपाचे स्वर येतात. ए हा षड्ज मानला तर धानीचे. स्वर तेच, घर बदलले. शिवाय भूप आणि देशकार यांचे स्वर एकच असूनही राग दोन आहेत, हे आपल्याकडे कोणत्याही श्रोत्याला सांगावे लागत नाही: एकाचा जीव गंधारात, दुसऱ्याचा धैवतात. जॅझमधला दाखलाही हेच सांगतो. माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’मधली ‘सो व्हॉट’ ही रचना बत्तीस मात्राखंडांची; त्यांतल्या चोवीस खंडांना डी डोरियन आणि आठ खंडांना तेच स्केल अर्धा स्वर वर, एवढाच तिचा आधार. त्यावर डेव्हिस, कोल्ट्रेन आणि कॅननबॉल अ‍ॅडरली एकापाठोपाठ एक वाजवतात. तिघांसमोर सामग्री एकच होती. पण डेव्हिसची विरामांनी भरलेली वाक्ये कोल्ट्रेनची आहेत असे कोणी म्हणणार नाही. फरक स्केलने केलेला नाही. कुठे थांबायचे, कोणत्या स्वरावर टेकायचे, लयीच्या कोणत्या बाजूने शिरायचे, या निर्णयांनी केला आहे.

म्हणून आक्षेप स्केलच्या रियाजावर नाही, मुक्या रियाजावर आहे. स्केल वाजवताना प्रत्येक स्वर गळ्याने म्हणावा. गळ्याला आकृत्या पाठ नसतात, त्यामुळे तो खोटे बोलू शकत नाही. एकाच तारेवर वाजवावे, म्हणजे स्वरांमधली अंतरे खरोखर चालून जावी लागतात. मागे एक कॉर्ड घुमत ठेवून स्केलचा प्रत्येक स्वर तिच्यासमोर उभा करावा: कोणता विसावतो, कोणता खुपतो, कोणाला पुढे जायची घाई आहे, ते ऐकावे. आणि थोरांचे सोलो छापील पुस्तकावरून नव्हे, कानाने उचलावेत. यात वेग येत नाही, म्हणूनच हे कोणी करत नाही.

साहित्याच्या वर्गांनी यावर फार हसू नये. तेथेही चार-पाच संज्ञांची आकृती एका कवितेवर बसवून झाली की उचलून दुसऱ्या कवितेवर ठेवली जाते. विधान कुठेच चुकत नाही आणि कविता कुठेच ऐकलेली नसते. परीक्षक गुण देतात, जसे श्रोते वेगाला टाळ्या देतात. उपज म्हणजे नियमातून सुटका नव्हे आणि नियमांची उजळणीही नव्हे. पुढचा स्वर वाजण्याआधी तो आपल्याला ऐकू येणे, एवढाच तिचा अर्थ. तो ऐकू येत नसेल तर वाजवणारे आपण नव्हे, आपली बोटे असतात.