देशाच्या धुराच्या हिशोबात आपल्या बोटीचं पान कुठं आहे?



सोसायटीत डिझेलचा कोटा किंवा परताव्याची फाईल हा विषय निघाला की सगळ्यांचे कान टवकारतात. पण "देशाचा कार्बनचा हिशोब" म्हटलं की माणसं म्हणतात, ते दिल्लीचं काम, आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो थेट आपल्या टाकीशी आहे. पोस्ट जरा लांब झालीय, पण शेवटपर्यंत वाचा.

हिशोब कोण कुणाला देतं?

१९९२ साली जगातल्या देशांनी हवामानाचा करार केला. त्यात ठरलं की प्रत्येक देशाने आपल्याकडून किती धूर आणि वायू हवेत जातात, याचा हिशोब संयुक्त राष्ट्रांकडे द्यायचा. श्रीमंत देशांनी तो दरवर्षी १५ एप्रिलपर्यंत द्यायचा आणि बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घ्यायचा. आपल्यासारख्या देशांना सवलत होती. आपला पहिला अहवाल २००४ मध्ये गेला आणि त्यात आकडे होते १९९४ चे. दुसरा गेला २०१२ मध्ये, आकडे २००० चे. म्हणजे यंदाची मासळी विकायची आणि वही लिहायची दहा वर्षांनी, असा प्रकार!

पुढे दर दोन वर्षांनी एक अहवाल द्यायचं ठरलं. भारताने तसे अहवाल २०१६, २०१८, २०२१ आणि ३० डिसेंबर २०२४ रोजी दिले. शेवटच्या अहवालात २०२० सालचा हिशोब आहे. त्या वर्षी देशातून सगळे वायू मिळून, कार्बन डायऑक्साइडच्या मापात, सुमारे २९५.९ कोटी टन उत्सर्जन झालं. जंगलं-झाडांनी शोषलेलं वजा केलं तर २४३.७ कोटी टन उरतं. यातला पाऊण भाग कोळसा, तेल, गॅस जाळण्याचा, म्हणजे वीज, गाड्या, कारखाने. शेती-गुरंढोरं सुमारे १४ टक्के. २०१९ पेक्षा आकडा जवळपास ८ टक्क्यांनी कमी दिसतो, पण २०२० हे लॉकडाऊनचं वर्ष होतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. तेव्हा आपल्याही बोटी किनाऱ्याला लागून होत्या.

२०१५ च्या पॅरिस करारानंतर नियम आणखी घट्ट झाले. आता गरीब-श्रीमंत सगळ्यांनी दर दोन वर्षांनी, जवळपास एकाच नमुन्याच्या तक्त्यांत हिशोब द्यायचा आहे. ज्यांना जमत नाही त्यांना थोडी ढील आहे, पण दिशा ठरलेली आहे. वही अधिकाधिक बारीक होत जाणार.

धूर कोणी मोजत नाही, डिझेल मोजतात

काहींना वाटतं सायलेन्सरला मशीन लावून धूर मोजतात. तसं काही नाही. किती लिटर इंधन जळलं ते बघतात आणि ठरलेल्या आकड्याने गुणतात. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. आता कुणी म्हणेल, लिटरभर डिझेलचं वजन किलोसुद्धा भरत नाही, मग धूर पावणेतीन किलो कसा? तर जळताना त्यात हवेतला ऑक्सिजन जोडला जातो, त्याचं वजन धरलं जातं. म्हणजे एका फेरीला २०० लिटर जाळले, तर सुमारे ५४० किलो झाले.

एकच गोष्ट दोनदा मोजू नये म्हणून प्रत्येकाचा खाना वेगळा ठेवलाय. बडोद्याजवळ कोयलीला इंडियन ऑइलची गुजरात रिफायनरी आहे, १९६५ पासूनची. तिथं कच्चं तेल शुद्ध करताना जे इंधन जळतं, ते रिफायनरीच्या खान्यात. तिथून निघालेलं डिझेल ट्रकने जाळलं तर वाहतुकीच्या खान्यात, बोटीने जाळलं तर मासेमारीच्या. जो जाळतो त्याच्या नावावर. पद्धत सरळ आहे.

माझं म्हणणं पुढे आहे.

आपला खाना ट्रॅक्टरसोबत

आंतरराष्ट्रीय नियमावलीत (२००६ ची) मासेमारीच्या बोटींसाठी स्वतंत्र ओळ दिलेली आहे. पण आपल्या देशाच्या तक्त्यात "शेती आणि मासेमारी" एकत्र येतात. ट्रॅक्टर, पाण्याचा पंप, आपली बोट, सगळं एका टोपलीत. बोंबील, पापलेट आणि करंदी एकत्र ओतली तर कुणाला भाव मिळेल? कुणालाच नीट नाही.

आणि दुसरी गंमत ऐका. परदेशी जाणारं मोठं कंटेनर जहाज आपल्या बंदरात तेल भरून गेलं, तर ते तेल देशाच्या एकूण बेरजेत धरतच नाहीत. बाजूला टीप म्हणून लिहितात. पण मासेमारीच्या बोटीने इथं भरलेलं डिझेल मात्र, ती कितीही खोल समुद्रात जावो, देशाच्या बेरजेत येतं. मोठ्या जहाजांचं बघायला वेगळी जागतिक संस्था आहे, हे खरं. तरी आपल्या जाळ्यावरून जाणारं जहाज बेरजेबाहेर आणि आपली होडी बेरजेत, हे माहीत असायला हवं.

आपल्याकडे आकडे आहेत, आणि ते आपल्या बाजूचे आहेत

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या (सीएमएफआरआय) शास्त्रज्ञांनी देशभरातल्या बोटींच्या डिझेलचा अभ्यास केला होता. त्यांच्या मते २०१० मध्ये भारतातल्या सागरी मासेमारी बोटींनी वर्षाला सुमारे १२२ कोटी लिटर डिझेल जाळलं आणि ३१.३ लाख टन कार्बन डायऑक्साइड सोडला. ऐकायला मोठा आकडा वाटतो. पण देशाच्या २९५ कोटी टनांसमोर ठेवून बघा. वर्षं वेगळी आहेत, तरी अंदाज येतो: हजारात एखादा भाग.

याच अभ्यासातली खरी महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. एक टन मासळीमागे मोठ्या यांत्रिक बोटी १.१८ टन कार्बन डायऑक्साइड सोडतात, तर छोट्या मोटर लावलेल्या होड्या ०.५९ टन, म्हणजे निम्मा. आणि १९६१ मध्ये एक टन मासळीमागे सरासरी अर्धा टन धूर होता, तो २०१० मध्ये १.०२ टन झाला. याचा अर्थ नाखव्यांना वेगळा सांगायला नको. मासळीसाठी लांब जावं लागतं, जास्त दिवस राहावं लागतं. डिझेल जास्त आणि माल तेवढाच.

म्हणजे धुराचा हिशोब हा आपल्या पोटाचाच हिशोब आहे. टनामागे डिझेल वाढलं की आपला नफाही गेला. देशसुद्धा असंच बोलतो. भारताने जगाला शब्द दिलाय की २०३० पर्यंत, २००५ च्या तुलनेत, उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागचा धूर ४५ टक्क्यांनी कमी करू. एकूण किती यापेक्षा, कशामागे किती, हे माप. मग आपणही तेच माप धरू: किलोमागे किती.

वही कोणाच्या हातात, यावर सगळं

आता बडोद्याकडचाच एक दाखला. बर्फ-कोल्ड स्टोरेजच्या धंद्यात असलेल्यांना आर-२२ गॅस माहीत असेल. पंचमहालात रणजितनगरला गुजरात फ्लुरोकेमिकल्सचा तो बनवण्याचा कारखाना आहे, कंपनीचं ऑफिस बडोद्यात. आर-२२ बनवताना एचएफसी-२३ नावाचा वायू आपोआप तयार होतो. तेव्हाच्या हिशोबात त्याचा एक टन म्हणजे ११,७०० टन कार्बन डायऑक्साइड. क्योटो कराराच्या योजनेत असं ठरलं की हा वायू जाळून टाका आणि तेवढे कार्बन क्रेडिट विका. मार्च २००५ मध्ये या कारखान्याचा प्रकल्प नोंदला गेला, जगातल्या अगदी पहिल्या काही प्रकल्पांपैकी एक. नियमाप्रमाणेच सगळं होतं.

पण जगभर अशा प्रकल्पांवर टीका झाली. वायू जाळायचा खर्च किरकोळ आणि क्रेडिटचा भाव मोठा. कचरा विकून मालापेक्षा जास्त पैसे मिळायला लागले, तर कचरा जास्त करायचा मोह कुणालाही होईल. शेवटी युरोपने २०१३ पासून आपल्या बाजारात ही क्रेडिट घेणं बंद केलं. आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये, किगाली कराराच्या वेळी, भारत सरकारनेच सांगितलं की आर-२२ बनवणाऱ्यांनी हा वायू स्वखर्चाने जाळायचा. जी गोष्ट आधी कोट्यवधींना विकली जात होती, ती आता कर्तव्य झाली.

यातून मी एवढंच शिकतो की हिशोबाचे खाने कसे आखले जातात, त्यावर पैसा कुणाकडे जातो हे ठरतं. मोठ्या कारखान्यांकडे खाने समजणारी माणसं होती. आपल्याकडे कोण आहे?

उद्या डिझेलच्या परताव्यावर चर्चा आली, आणि ती येणार, तर समोरचा म्हणेल की बोटींचा धूर फार आहे. जिनिव्हाला जागतिक व्यापार संघटनेत मासेमारीच्या सबसिडीवर २०२२ मध्ये एक करार झालाच आहे, आणि इंधनाच्या सबसिडीचा वाद अजून टेबलावर आहे. तेव्हा आपण काय दाखवणार? एकत्र टोपलीतला आकडा दाखवला तर डोलकर, गिलनेटवाला आणि मोठा ट्रॉलर एकाच काठीने हाकले जातील.

मला वाटतं सोसायट्यांनी तीन गोष्टी कराव्यात.

एक, डिझेलची वही नीट ठेवा. परताव्यासाठी बिलं आपण ठेवतोच. त्याच पानावर बोटीचा प्रकार, इंजिनाची ताकद, फेरीचे दिवस आणि किती मासळी आली एवढं लिहा. खोटं लिहू नका. कोटा वाचवायला आज फुगवलेला आकडा उद्या आपल्याच धुराचा आकडा होऊन परत येईल.

दोन, मत्स्य विभागाकडे लेखी मागणी करा की राज्याच्या आणि देशाच्या तक्त्यात मासेमारी शेतीपासून वेगळी दाखवा, आणि त्यातही छोट्या होड्या आणि मोठ्या यांत्रिक बोटी वेगळ्या. हे फुकटात होणारं काम आहे. परताव्याच्या फायलींमध्ये माहिती पडूनच आहे.

तीन, खाडीतली तिवरं सांभाळा आणि त्याची नोंद ठेवा. देशाच्या हिशोबात झाडं जमेच्या बाजूला येतात. उद्या कोणी "तिवरांचं कार्बन क्रेडिट" म्हणून कागद घेऊन आला, तर सही करण्याआधी सोसायटीत वाचून दाखवा. वरचा आर-२२ चा दाखला आठवा.

काही बांधव म्हणतील, वही दिली तर सरकार तीच आपल्यावर वापरेल. भीती खोटी नाही. पण वही नसली तर दुसरा कोणीतरी अंदाजाने लिहितो, आणि अंदाज लहान माणसाच्या बाजूने क्वचितच लागतो. वजनकाट्यावर आपला माणूस उभा असला की माल कमी भरत नाही, हे आपण बंदरावर रोज बघतो.

पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा, असं मला वाटतं. ज्यांच्याकडे मागच्या दोन-तीन सीझनची डिझेल आणि मासळीची नोंद आहे, त्यांनी ती काढून ठेवा. तुमच्या बोटीला किलोमागे किती डिझेल लागतं ते कॉमेंटमध्ये सांगा. गिलनेट, डोल, ट्रॉल, जे असेल ते. आधी आपलं आपल्याला तरी कळू दे.