जळगाव की धुळे, हे भांडण आता सोडा!

तुमची मार्कशीट काढून बघा. कॉलेज धुळ्याचं असो, जळगावचं असो की नंदुरबारचं, बहुतेकांच्या मार्कशीटवर नाव एकच : कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. 1990 पासून खान्देशची पोरं एकाच विद्यापीठात शिकतायत. अभ्यासात आपण एक आहोत, बाकी बऱ्याच ठिकाणी मात्र जिल्ह्याची हद्द आडवी येते.

पारोळा घ्या, अमळनेर घ्या. जिल्हा जळगाव, पण जवळ पडतं धुळे. बाजाराला नाहीतर दवाखान्यात जायचं तर धुळ्याची एसटी सोयीची, जिल्ह्याच्या कामाला मात्र जळगाव गाठायचं. रेल्वेचं तर विचारूच नका. जळगाव मोठं जंक्शन, धुळे चाळीसगावहून येणाऱ्या फाट्यावरचं शेवटचं स्टेशन. एका शहरातून दुसऱ्या शहरात रेल्वेनं जायचं तर चाळीसगावचा वळसा!

असं का? 74व्या घटनादुरुस्तीनं महानगर नियोजन समितीची तरतूद केली, पण ती किमान दहा लाख वस्तीच्या महानगर क्षेत्रासाठी. 2011 च्या जनगणनेत जळगाव शहराची लोकसंख्या साधारण 4 लाख 60 हजार, धुळ्याची 3 लाख 75 हजार. दोन्हींची बेरीज केली तरी आकडा गाठत नाही. उरते जिल्हा नियोजन समिती, आणि ती नावाप्रमाणे जिल्ह्यापुरती. दोन्ही शहरांचा एकत्र विचार करणं हे कुणाचंच ठरलेलं काम राहत नाही.

पण कायद्याची सक्ती नाही म्हणून हातावर हात धरून बसायचं का? पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या महापालिका आजही वेगळ्या आहेत, तरी 2007 मध्ये दोन्हींच्या बससेवा एकत्र करून पीएमपीएमएल उभी राहिली. त्याच वर्षी जर्मनीच्या रूर भागात बोखुम, डॉर्टमुंड आणि ड्युइसबर्ग-एसेन या विद्यापीठांनी आघाडी केली. तिथं एका विद्यापीठाचा विद्यार्थी दुसरीकडचा कोर्सही करू शकतो.

तुम्ही म्हणाल, ‘भो, ती शहरं एकमेकांना खेटून आहेत. आपल्यात नव्वदेक किलोमीटर अंतर!’ बरोबर आहे. म्हणूनच महापालिका एक करा असं कुणी म्हणत नाहीये. मुद्दा साधा आहे : एकाकडे जे आहे तेच दुसऱ्यानं पुन्हा मागायचं, की तिथवर पोचायची सोय मागायची? प्रवासी विमानतळ जळगावात आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर महामार्ग धुळ्यात भेटतात. 2024 मध्ये मंजूर झालेला मनमाड-इंदूर रेल्वेमार्गही धुळ्यावरून जाणार. धुळ्याला तापीचं पाणी येतं. जळगावला पाणी देणारी वाघूर शेवटी तापीलाच मिळते. पाणी एका खोऱ्यातलं, मग पाणीटंचाईची बैठक दोन ठिकाणी का?

सुरुवात छोट्या गोष्टींनी करता येईल. जळगावच्या गाड्यांच्या वेळा बघून धुळ्याच्या एसटीचं वेळापत्रक लावा. इतिहास शिकणाऱ्या जळगावच्या मुलांना धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आणि धुळ्याच्या मुलांना विद्यापीठाचं ग्रंथालय एकाच कार्डावर खुलं करा. दोन्ही महापालिकांनी वर्षातून एकदा तरी एकत्र बसावं, आणि त्या बैठकीत विद्यार्थ्यांनाही खुर्ची असावी.

यात आपलं काय जातं-येतं? बरंच. शिक्षण, नोकरी, प्रवासाची सोय असं सगळं एका जागी मिळतं म्हणून आपण बॅग भरून पुण्याची गाडी धरतो. त्यातलं बरंचसं खान्देशातही आहे, फक्त दोन शहरांत वाटलं गेलंय. ते जोडलं नाही, तर जळगावही रिकामं होईल आणि धुळेही.

तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या वॉर्डात कुणी मत मागायला आलं, तर गटार-रस्त्याबरोबर हेही विचारा : ‘शेजारच्या महापालिकेशी तुम्ही शेवटचं बोललात कधी?’