डोळे आमचे, मुलगी हिची

दिवा-वसई मार्गावर गाड्या मोजक्याच. कामण रोडला उतरलं की आधी परतीची वेळ पाहून ठेवायची, एवढं मी इतक्या वर्षांत शिकले आहे. गेल्या रविवारी तरीही गाडी चुकली, आणि चुकली तेच बरं झालं. ओळखीच्या घरी बारसं होतं. घुगऱ्या वाटून झाल्या, पाहुण्या पांगल्या, घरची माणसं उरली आणि खरी चर्चा तेव्हा सुरू झाली.

पोरीचे डोळे घारे. अगदी मांजरीसारखे नव्हेत. राखाडीत मधाचा थेंब पडावा तसे. पणजी म्हणाली, "माझ्या सासूचे असेच होते." आईकडच्या मावशीला लगेच आपले मामा आठवले. आत्यानं मोबाइलमधला जुना फोटो मोठा करकरून दाखवला. एक चेष्टेखोर काका तर वसईच्या किल्ल्यातल्या फिरंग्यांपर्यंत पोहोचले. डोळ्यांवर दोन्ही घराणी हक्क सांगत होती. मग सासूबाई हळूच म्हणाल्या, "डोळे आमच्याकडचे. पण हिला दुसरीही मुलगीच झाली."

हिला. जिला झाली ती कोपऱ्यात दुपट्यांच्या घड्या घालत होती.

डोळ्यांचं सांगायचं तर पणजी आणि मावशी, दोघीही बरोबर असू शकतात. बुबुळाचा रंग मेलॅनिन या रंगद्रव्यावर ठरतो. ते भरपूर असलं की डोळे काळे-तपकिरी, कमी असलं की घारे. निळ्या डोळ्यांत तर निळा रंग नसतोच, आभाळासारखा तोही विखुरलेल्या प्रकाशाचाच खेळ. पंधराव्या गुणसूत्रावरच्या दोन शेजारी जनुकांचा यात मोठा हात, पण बाकीचीही बरीच जनुकं मधे लुडबुडतात. शाळेत फळ्यावर शिकवलेलं 'तपकिरी प्रभावी, निळा अप्रभावी' हे गणित त्यामुळे अर्धंच खरं. फिका रंग पिढ्यान् पिढ्या दडून राहतो आणि दोन्हीकडून थोडा थोडा आला की एखाद्या पाळण्यात डोकावतो. त्यातून, बाळाच्या बुबुळात रंगद्रव्य महिनोन् महिने भरत असतं. वर्षभरानं हेच डोळे तपकिरी झाले, तर आज भांडणारे मामा-काका काय करणार कोण जाणे.

मुलगा की मुलगी, हा हिशेब त्यामानानं सरळ. आईच्या बीजात नेहमी एक्स गुणसूत्रच असतं, बापाच्या शुक्रजंतूत एक्स किंवा वाय; एक्स आलं तर मुलगी, वाय आलं तर मुलगा. 1905 साली नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन संशोधिकेनं पिठातल्या किड्यांच्या पेशी तपासल्या. मादीत 20 मोठी गुणसूत्रं, नरात 19 मोठी आणि एक खुजं, म्हणजे वाय. त्या खुज्यानं हे कोडं सुटायला लागलं.

मी तिथं तेच सांगितलं, "अहो, ते बापावर असतं." खोली गप्प झाली. सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं, त्यानं मान खाली घातली. माझ्या लक्षात आलं, की मी फक्त आरोपी बदलला. आपल्याकडे भाषणांत, भिंतींवरच्या घोषणांत हे वाक्य सर्रास असतं आणि मीही या स्तंभात ते तोऱ्यात लिहिलं आहे. आता ते मला खटकतं. कोट्यवधी शुक्रजंतूंतला कुठला पोहोचावा, हे त्या बापाच्या हातात कुठे असतं? आणि 'कुणामुळे' हा प्रश्न डोळ्यांबाबत कौतुकानं विचारायचा, मुलीबाबत मात्र चौकशी लावल्यासारखा, ही गोम जीवशास्त्रानं सुटत नाही.

ज्ञान कमी पडलं असंही नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध 1988 साली कायदा करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य. तरी राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली 1991 मध्ये 946 होत्या, 2001 मध्ये 913 आणि 2011 मध्ये 894. त्याच 2011 साली साताऱ्यात 'नकुशा' नावाच्या 285 मुलींना समारंभानं नवी नावं दिली गेली. सोनोग्राफी यंत्राची सोय असणाऱ्यांना एक्स-वाय चांगलं कळत होतं. कळत होतं म्हणूनच आकडा घसरला.

निघताना बाळाची चार वर्षांची ताई मधे आली. "माझे डोळे कोणाचे?" कुणी कधी पाहिलंच नव्हतं. साधे काळेभोर डोळे. "बाबांचे असतील," आत्या म्हणाली. पोरगी धावत बाबांकडे गेली आणि दोन्ही हातांनी त्याची हनुवटी वर करून बघायला लागली.