मेहंदी हातावर, अर्थ कार्डावर!

हल्ली आपल्या समाजातल्या मेहंदीच्या रात्रीहून आम्ही मुकाट्याने घरी परततो. आज मात्र बोलणार आहोत. कुणाला राग आला तर येवो.

गेल्या वर्षी एका नात्यातल्या मुलीची मेहंदी होती. हॉल भाड्याचा, कपडे भाड्याचे, मेहंदी काढणारी बाईही पैसे देऊन आणलेली. तिने कोपरापर्यंत मोर, कमळे, वेलबुट्टी काढली. हात सुरेख दिसत होता, खोटे कशाला बोला? पण पाहुण्यांना छापील कार्डे वाटली गेली: मोर म्हणजे प्रेम, कमळ म्हणजे आत्म्याची शुद्धी, वेल म्हणजे दीर्घायुष्य. सगळे कार्ड वाचण्यात दंग! आणि नवरीची आजी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून राहिली. तिला कुणी पुढे बोलावलेच नाही.

आम्ही विचारतो, हे अर्थ ठरवले कुणी? आज मोर म्हणजे प्रेम, उद्या दुसऱ्या हॉलमध्ये मोर म्हणजे पैसा!

आमच्या घरी कोकणात मेहंदीला नक्षी नव्हतीच. परातीत कालवलेली मेहंदी, भोवती मेणबत्त्या, बायकांची मराठी गाणी. घरातली वडील बाई मुलीच्या उजव्या तर्जनीला पहिला लेप द्यायची, कारण उद्या अंगठी त्याच बोटात जायची. लेप देताना ती पुटपुटायची, ते ज्याचे त्याला कळायचे. अर्थ तिच्या हातात होता, आकारात नव्हे.

मुली म्हणतात, "आजी, तो लाल डाग फोटोत काय दाखवायचा?" नक्षीशी आमचे वैर नाही. केतुब्याच्या कडेला सुंदर वेल काढतात, आम्हालाही ती आवडते. पण केतुबा खरा ठरतो तो त्या वेलीने नव्हे, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी. मेहंदीतली सही आजीची असते.

एक गोष्ट परिचारिका म्हणून सांगतो. खरी मेहंदी तांबूस-तपकिरी रंगते आणि तिला तासन्‌तास लागतात. झटपट चढणाऱ्या "काळ्या मेहंदी"त बहुधा केसांच्या कलपातले रसायन असते. त्याने फोड आलेले हात आम्ही धुतले आहेत. ती अ‍ॅलर्जी जन्मभर राहू शकते. घाईची नक्षी अशी महाग पडते.

१९६२ साली या देशात आपल्या लग्नांच्या वेळी पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश निघाला. १९६४ साली आपल्या वडीलधाऱ्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, तेव्हा कुठे त्या आदेशातून आपले नाव गेले. आपण कोण, हे त्यांना कार्ड वाचून शिकावे लागले नव्हते. त्यांच्याच नातींना आज ते कार्डावर वाचावे लागते!

दोष मुलींचा नाही, आमचा आहे. कामाच्या पाळ्या आणि घरची हिब्रू यांत आम्ही गाणीही शिकवली नाहीत आणि लेपामागचे कारणही सांगितले नाही. रिकामी जागा दिसली, तिथे कार्ड आले.

म्हणून आमचे मागणे लहान आहे. मोर काढा, कमळे काढा. पण पहिले बोट घरातल्या वडील बाईच्या हातून रंगू द्या. कार्ड छापू नका. मुलीने अर्थ विचारला, तर आजीकडे बोट दाखवा. आणि आजीबाईंनो, तुम्हीही खुर्चीवरून उठा. बोलावण्याची वाट पाहू नका.